शिकेकाई, जवस आणि माझे कुरळे केस: आठ महिन्यांनंतर

गेल्या श्रावणात शांपू बंद केला. त्याआधी दोनदा पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते. दुसऱ्या वेळी कपाळावरचे केस तुटून बोटभर उरले, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

पहिला महिना फुकट गेला, चूक माझीच. शिकेकाईची तयार पूड आणली, कालवली, चोळली. कुरळ्या केसांत ती अशी अडकते की दुसऱ्या दिवशीही उशीवर सांडते. मग आईला आठवलं, आजी पूड वापरायचीच नाही. पाच-सहा शेंगा, दोन रिठे, थोडी आवळकाठी रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून पंच्यातून गाळायची आणि नुसत्या त्या पाण्यानं न्हायची. मी आता तेच करते. फेस बेताचाच, पण शेंगांतलं सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस देणारा नैसर्गिक घटक, मळ काढतं आणि केसांचा झाडू होत नाही. लोखंडी कढई मात्र नको, पाणी शाईसारखं काळं होतं. आणि रिठा डोळ्यांत गेला तर रडून घ्यायचं.

कुरळ्या केसांची गोम अशी की टाळूचं तेल एवढी वळणं घेत टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून आदल्या रात्री खोबरेल, तेही टोकांनाच जास्त. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी झिजतात, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं. सूर्यफुलाच्या तेलाला ते जमलं नव्हतं. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, पण माझी टोकं त्यांच्या बाजूनं साक्ष देतात.)

जवस आमच्याकडे फक्त चटणीपुरता. केसांसाठी दोन चमचे जवस कपभर पाण्यात बुळबुळीत होईपर्यंत उकळायचा, गरम असतानाच गाळायचा. पहिल्यांदा गार होऊ दिला, तो घट्ट होऊन बसला आणि गाळणीसकट टाकायची वेळ आली. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. निथळत्या केसांना लावला की वळणं सुटी, मऊ राहतात. पावसाळ्यात मात्र दुपारपर्यंत केस फुलायचेच, त्यावर जवसाची मात्रा चालली नाही.

सगळ्यात मोठा फरक फुकटातला. आईचे केस सरळ, त्यामुळे शाळेत असताना ती माझे केस कोरडेच विंचरून दोन वेण्या घालायची, मी किंचाळायची. आजीचे माझ्यासारखेच. ती ओल्या केसांतच बोटांनी गुंता सोडवायची, टोकाकडून वर. फणी नंतर, नावाला.

रविवारचे दोन तास जातात. प्रवासात मी अजूनही शांपूच नेते.