‘६० दिवसांत ५००० शब्द’: फी भरण्याआधी हे वाचा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या बोर्डांवर म्हणा, मोबाईलवर म्हणा, इंग्रजीच्या क्लासची जाहिरात ठरलेली: ६० दिवसांत ५००० इंग्रजी शब्द, नाहीतर पैसे परत. आधी भागाकार करून बघा. दिवसाला ८३ नवे शब्द, शिवाय मागच्यांची उजळणी वेगळीच. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रोजचे दहा-पंधरा टिकले तरी पुष्कळ.

फसवणूक लवकर ध्यानात येत नाही, कारण चाचणीच तशी बेतलेली असते. पहिल्या दिवशी मुद्दाम दुर्मिळ शब्द विचारतात. ४० पैकी १० पडतात. (चार पर्यायांत डोळे झाकून खुणा केल्या तरी साधारण तेवढेच पडतील.) शेवटच्या चाचणीत त्याच आठवड्यात घोकलेले शब्द, तेही पर्यायांसकट. गुण ३५, पालक खूश. पण शब्द ओळखता येणं वेगळं आणि वाक्यात बसवता येणं वेगळं. ‘ॲबेट’ म्हणजे कमी होणे, एवढंच पाठ केलेला मुलगा ‘माय सॅलरी ॲबेटेड’ लिहून मोकळा होतो. वादळाला, पुराला तो शब्द चालतो, पगाराला नाही. डेमोला गेलात तर जुन्या बॅचच्या मुलाला तीन आठवड्यांपूर्वीचे दहा शब्द वाक्यात वापरायला सांगा.

जीआरई म्हणजे परदेशातल्या उच्चशिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा. क्लासच्या ‘जीआरई स्पेशल’ पुस्तकात विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजीचे (शब्दजोड्यांतलं नातं ओळखण्याचे) प्रश्न दिसले तर माल शिळा. २०११ मध्येच ते परीक्षेतून गेले. विद्यापीठीय वाचनासाठी भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ५७० शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) यादी नेटवर फुकट मिळते, उजळणीचं अँकी ॲप अँड्रॉइडवर फुकट. याच्या झेरॉक्सला हजारो रुपये कशाला?

खरा फास हप्त्याचा. ‘नोंदणीचा ओटीपी सांगा’ म्हणतात आणि तो निघतो फायनान्स कंपनीच्या कर्जाचा. क्लासला फी एकरकमी मिळते. पुढं क्लासनं गाशा गुंडाळला तरी हप्ता कापला जातोच, थांबवला तर सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर) बिघडतं. मेसेज अख्खा वाचा. ‘लोन’ किंवा ‘ई-मँडेट’ (खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी) दिसलं की तिथंच उठा. ‘पैसे परत’ची अटही पावतीवर लिहून घ्या, हजेरीची मेख बारीक अक्षरांत मारलेली असते.

अडकलाच असाल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती, करार, चॅट जपून ठेवा. क्लास आणि फायनान्स कंपनी, दोघांनाही ईमेल करा, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.