एक्झॉटिक गाडी: मनसोक्त चालवायची की रीसेलसाठी जपायची?

ठाणे-नवी मुंबईत पोर्शे 911, लॅम्बोर्गिनी हुराकान किंवा एखादी जुनी फेरारी घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात एक धास्ती असतेच, की किलोमीटर वाढले तर भाव किती पडेल? माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडे या गाड्यांचा भाव किलोमीटरपेक्षा वयाने आणि सरकारी करांनी जास्त पडतो. त्यामुळे अगदी मोजक्या गाड्या सोडल्या तर चालवणाराच फायद्यात राहतो.

आधी पैशांचं बोलू. परदेशातून पूर्ण तयार होऊन येणाऱ्या महागड्या गाडीवर आयात शुल्क 110 टक्क्यांच्या घरात. वर जीएसटी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स, ज्याची कमाल मर्यादा 2025 च्या अर्थसंकल्पात 20 लाखांवरून 30 लाखांवर नेली. हा टॅक्स पुढचं गिऱ्हाईक तुम्हाला वेगळा मोजून देणार नाही. विम्यात गाडीची किंमत ठरवताना एक ते दोन वर्षांच्या गाडीला 20 टक्के घसारा धरतात, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. त्या तक्त्यात किलोमीटरचा रकाना नाही. बाजार काही तंतोतंत तक्त्याने चालत नाही, पण दिशा तीच असते.

धोरण बदललं तर विचारूच नका. मोठ्या गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून 48 ते 50 टक्के लागायचे, ते 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात तिथल्या गाड्यांवरचं शुल्क ठरावीक कोट्यापुरतं, टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो. मग तुमची ब्रिटिश मॅक्लारेन बेसमेंटमध्ये कव्हरखाली असो नाहीतर रोज लोणावळ्याला जात असो. शिवाय तीन कोटी अडकवून ठेवले, तर सात टक्क्यांनी वर्षाला 21 लाखांचं व्याज सोडलंत. किलोमीटर न वाढवून वाचणारी रक्कम याच्या शेजारी मांडून बघा.

आता उभ्या गाडीकडे जवळून पाहू. एका मित्रासाठी वाशीतल्या एका टॉवरच्या पोडियमवर अशीच जपलेली गाडी बघायला गेलो होतो. रंग आरशासारखा, सीटवर प्लास्टिक तसंच. खाली बसून टायरच्या बाजूचा चार आकडी कोड वाचला: 2219, म्हणजे 2019 चा बाविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल, पण नखाने दाबलं तर रबर दगडासारखं. ब्रेकच्या लोखंडी डिस्कवर, पॅडच्या बाजूला, गंजाचा जाड पट्टा. सर्व्हिस बुकात ब्रेक फ्लुइडची शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची. हे फ्लुइड ओल शोषतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो. खाडीकाठच्या दमट हवेत हे सगळं लवकर होतं. पेट्रोलमधलं इथेनॉलही ओल ओढून घेतं, म्हणून अर्ध्या टाकीवर पावसाळाभर गाडी उभी करणं मला अजिबात पटत नाही. मित्राने ती गाडी घेतली नाही.

म्हणजे चालवण्यात तोटा नाही असं मुळीच नाही. तोटा आहे, पण तो किती चालवली यापेक्षा कुठे चालवली यात आहे. रविवारी पहाटे पाम बीच रोड, किंवा अटल सेतूचे 21.8 किलोमीटर, किंवा कळंबोलीहून एक्स्प्रेस वेने खंडाळ्यापर्यंत, याने गाडीचं काही बिघडत नाही, उलट इंजिन नीट तापतं आणि तेल सगळीकडे फिरतं. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला पहिल्या गिअरमध्ये सरकत राहणं मात्र वेगळी गोष्ट आहे. फेरारी एफ 430 चा एफ 1 किंवा गॅलार्डोचा ई-गिअर यांसारख्या जुन्या सिंगल क्लच गिअरबॉक्सचा क्लच तिथे झपाट्याने संपतो, आणि तो किती उरलाय हे घेणारा कॉम्प्युटर लावून बघतोच. 2009 नंतरच्या 458 सारख्या ड्युअल क्लच गाडीत ही काळजी बरीच कमी आहे.

वेगाचा आनंद म्हणाल तर सेतूवर आणि एक्स्प्रेस वेवर मर्यादा ताशी 100 ची, बोरघाटात 60. पहिली हुराकान 100 ला 3.2 सेकंदांत पोहोचते, पुढे कायदा आहे. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर मजा येते ती स्टिअरिंगची, आवाजाची, गिअर टाकण्याची. हौस ट्रॅकवर भागवणार असाल तर साधी विमा पॉलिसी शर्यत आणि वेगचाचणी यांतलं नुकसान भरत नाही, हे आधी वाचून घ्या.

जपण्याच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे: गाडीच मुळात मोजकी बनली असेल तर. 2016 ची मॅन्युअल 911 आर जगात फक्त 991. अशी गाडी हाताशी असेल, किंवा दीड-दोन वर्षांत विकायचीच असेल, तर किलोमीटर नक्की सांभाळा. तरीही ‘मिस्टर बीन’ साकारणाऱ्या रोवन अ‍ॅटकिन्सन यांची मॅक्लारेन एफ 1 आठवते. 106 पैकी एक, 41,000 मैल चाललेली, दोनदा ठोकलेली, 2011 च्या अपघातानंतर 9 लाख 10 हजार पौंडांची दुरुस्ती झालेली. 2015 मध्ये ती सुमारे 80 लाख पौंडांना गेली. दुरुस्ती कंपनीकडेच झाली होती आणि कागद चोख होते.

भाव राखायचाच असेल तर पैसे अशा ठिकाणी घाला: दर वर्षीची अधिकृत सर्व्हिस, प्रत्येक बिल फाइलला, पुढच्या भागाला पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म (आपल्या छत्रपती संभाजीनगरातली गरवारे हाय-टेकही ती बनवते), आणि विम्यात इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जोड-कव्हर), कारण ठाण्यात जुलैत पाणी कुठे साचेल सांगता येत नाही.

माझी निवड विचाराल तर तीन-चार वर्षांची, पहिल्या मालकाकडची 911. पहिली मोठी घसरण दुसऱ्याने सोसलेली असते, आणि रुंदी 1,852 मिलिमीटर. अव्हेंटाडोर 2,030. टोकन देण्याआधी टेप घेऊन सोसायटीतल्या स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या ठेवतात त्या) प्लॅटफॉर्मची रुंदी मोजा, आणि रॅम्पच्या तोंडाशी नाक घासतंय का ते विकणाऱ्यालाच गाडी आणायला लावून बघा.