नवीन लाँच झालेला बिझनेस लॅपटॉप घ्यावा का मागच्या वर्षीचा? हळदीच्या गाळ्यासाठी दोन्ही बघितले

आमच्या दाजींचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. जुन्या लॅपटॉपवर विंडोज 11 चढत नव्हतं आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. मीच म्हणलं, एका कंपनीचं बिझनेस मॉडेल नुकतंच आलंय तेच घेऊ, पाच-सहा वर्षं बघायला नको. दुकानात जाऊन स्पेसिफिकेशनचा कागद वाचला आणि खरं सांगतो, लई वाईट वाटलं.

प्रोसेसर रायझन 5 7530यू. सात हजारची सिरीज म्हणून नवीन वाटतो, पण यात तिसरा आकडा बघायचा असतो, तो 3 म्हणजे झेन 3 (चिपच्या आतल्या डिझाइनची पिढी), आणि झेन 3 लॅपटॉपमध्ये आलं 2021 ला. ही चिप 2023 ची असली तरी आतलं डिझाइन तेच, रॅम पण जुन्या पिढीची डीडीआर4 च लागते. तिथंच मागच्या वर्षीचं दुसरं मॉडेल होतं, चार हजारांनी महाग, त्यात 7535यू. म्हणजे झेन 3 प्लस, डीडीआर5 रॅम, ग्राफिक्स पण पुढच्या पिढीचं. तोही काही कोरा नाही म्हणा, 2022 च्या चिपचंच नाव बदललंय. इंटेल घेणाऱ्यांनी पण नुसत्या नवीन नावावर जाऊ नका, कोअर 5 120यू आणि 2022 चा आय5-1235यू, दोन्हीत 10 कोअर आणि 12 थ्रेडच आहेत.

आता टॅली, ई-वे बिल, एक्सेल एवढ्यासाठी दोन्ही प्रोसेसर पुरतात, दोन्हीत 6 कोअरच, त्यामुळं नुसत्या प्रोसेसरवरून मी नवीनला नाही म्हणलं नसतं.

अडलं ते स्क्रीनवर. नवीनची 250 निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आणि 45 टक्के एनटीएससी, मागच्या वर्षीच्याची 400 निट्स आणि 100 टक्के एसआरजीबी, ही दोन्ही स्क्रीन किती रंग दाखवते त्याची मापं. आता गाळा म्हणजे समोरून सगळा उघडा, सकाळी सौद्याच्या वेळी उजेड सरळ आत येतो, 250 निट्सवर आकडे वाचायला मान वाकडी करावी लागते. आणि दाजी बाहेरगावच्या पार्टीला राजापुरी हळदीचे फोटो पाठवतात, भाव रंगावर ठरतो. एकच फोटो दोन्हीवर उघडून बघितला तर नवीनवर हळद फिक्कट, पिठूळ दिसत होती. पार्टीनं रंगावरून फोन केला तर आपल्या स्क्रीनवर तो रंग दिसतच नसेल तर बोलायचं काय? स्क्रीन नंतर बदलता पण येत नाही सहजासहजी.

रॅम नवीनमध्ये 8 जीबीची एकच स्टिक, त्यातली थोडी ग्राफिक्स खातं, मग टॅली, व्हॉट्सअॅप वेब आणि क्रोमचे दहा टॅब उघडले की संपलीच. एक स्लॉट मोकळा आहे, अजून 8 टाकता येते, पण त्यात किमतीतला फरक जवळपास निघून जातो. दुसऱ्यात 16 आहेच. चार्जर नवीनला अजून गोल पिनचा, दुसऱ्याला टाइप-सी, कोल्हापूरला जाताना गाडीत पण चार्ज होतो. कॅमेरा, वायफाय यात आम्ही वेळ घालवला नाही.

नवीनचा एक मुद्दा मात्र खरा आहे. तीन वर्षं ऑनसाइट वॉरंटी, माणूस गाळ्यावर येऊन दुरुस्त करणार, दुसऱ्याला एकच वर्ष. हळदीच्या सीझनमध्ये मशीन बंद पडलं तर ही गोष्ट मोठी आहे, त्यामुळं ज्यांचा लॅपटॉप आतल्या ऑफिसात टेबलावर राहणार, मोठा मॉनिटर जोडलेला आहे आणि काम फक्त बिलांचं, त्यांनी नवीन घेतला तरी चालेल, रॅम तेवढी वाढवून घ्या.

दाजींनी मागच्या वर्षीचाच घेतला. जुना स्टॉक असल्यामुळं पैसे द्यायच्या आधी सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून मोजली जातीय ते बघितलं, तर चार महिने आधीच गेलेले. दुकानदाराला दाखवल्यावर त्यानं बिलाच्या तारखेपासून करून दिली.