आईचा फ्रिज आणि ‘नवा’ कॉम्प्रेसर

आईने 1984 साली भिशीच्या पैशांतून घेतलेला 165 लिटरचा, एका दाराचा गोदरेज. मागच्या चैत्रात, ऐन पन्ह्याच्या दिवसांत बंद पडला. बंद म्हणजे आतला दिवा लागायचा, पण दर दोन-तीन मिनिटांनी मागून ‘टक्’ असा आवाज यायचा आणि पुन्हा सगळं गार. म्हणजे गार सोडून सगळं.

मेकॅनिक दारात उभा असतानाच मी बोलून बसले, “दादा, खर्चाचं बघू, पण हाच फ्रिज चालला पाहिजे.” पुढचं सगळं या एका वाक्यावर झालं.

त्याने कॉम्प्रेसरवर हात ठेवला आणि “जाम झालाय, ताई” म्हणाला. वीज तपासायचा मीटर पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. वर म्हणे, जुन्या फ्रिजला जुनाच गॅस लागतो, ओरिजिनल आर-12. बाजारात मिळत नाही, पण माझ्याकडे थोडा शिल्लक आहे. मला तर तो देवमाणूसच वाटला.

नवा कॉम्प्रेसर 4,500, गॅस 1,800, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी छोटी नळी) आणि मजुरी 900, दाराचं रबर 600. जुना कॉम्प्रेसर तो घेऊन गेला, त्याचे 500 वजा केले. मी 7,300 रुपये मोजले. पावती कोऱ्या कागदावर, त्यावर ना गॅसचं नाव, ना कॉम्प्रेसरचा नंबर.

तीन आठवडे बरे गेले. मग फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरायला लागला, खाली दूध नासायचं आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालूच. दाराचं रबरही सुटलं. जुन्या दारात ते पट्टीखाली स्क्रूने आवळलेलं असतं. याने खाचेत बसणारं नवं रबर आणून चक्क डिंकाने चिकटवलं होतं. फोन केला की “आज येतो, ताई.” पुढे फोन उचलणंच बंद.

शेवटी ओळखीतून एक वयस्कर काका आले. त्यांनी खिशातलं नाणं काढून कॉम्प्रेसरवर घासलं. चकचकीत काळ्या रंगाखाली गंज निघाला आणि गंजाशेजारी जुन्या स्टिकरवरची अक्षरं: आर-134ए, म्हणजे आर-12 नंतर आलेला वेगळा गॅस. नवा नव्हताच तो, रंग मारलेला होता. आणि 134ए च्या कॉम्प्रेसरमध्ये आर-12 भरला म्हणे! ओझोनच्या थरापायी आपल्याकडे फ्रिजसाठी आर-12 बनवणं 2008 सालीच बंद झालंय, हे काकांनीच सांगितलं.

134ए बसवायला त्यांची हरकत नव्हती. पण त्याला वेगळं, एस्टर तेल लागतं. आर-12 सोबतचं जुनं खनिज तेल त्यात मिसळत नाही, म्हणून आधी पाइप धुवायचे, ड्रायर त्या गॅसला चालेल असा घालायचा, कॅपिलरी, म्हणजे गॅसची बारीक नळी, बदलायची. इथे ‘नव्या’ कॉम्प्रेसरला जुनीच कॅपिलरी जोडलेली. ड्रायर कापला तर आतून काळा चिकट गाळ. “आर-600ए भरला नाही हेच नशीब,” काका म्हणाले. तो गॅस पेट घेतो, आणि या जुन्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण आतच असतं, ठिणगी पाडणारं.

कॉम्प्रेसर खरंच गेलाय का, हे कसं बघायचं तेही त्यांनी दाखवलं. तीन पिना असतात. दोन-दोन पिनांत मीटर लावायचा. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी आली तर वाइंडिंग, म्हणजे आतल्या मोटरची तारेची गुंडाळी, ठीक. मग एकेक पिन आणि बॉडी यांत तपासायचं, तिथे काहीच दाखवायला नको. पाच मिनिटांचं काम. ते आपल्यासमोर करून घ्या, आणि काढलेला एकही भाग घराबाहेर जाऊ देऊ नका.

पहिल्याने काढलेले बारीकसारीक भाग मी फ्रिजवरच्या पिशवीत ठेवले होते. काकांनी त्यातला रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, उघडला. आतले पॉइंट जळून काळे पडलेले.

“टक् टक् वाजत होता म्हणालात ना? हाच असणार. दीड-दोनशेचा भाग. जुना कॉम्प्रेसर कुठाय?”

“पाचशेला दिला.”

काकांनी रिले परत पिशवीत टाकला. येण्याचे पैसे घेतले नाहीत. नवा कॉम्प्रेसर, कॅपिलरी सगळं धरून अंदाज लिहून देतो म्हणालेत. तोवर फ्रिजमध्ये कुरडया आणि पापडांचे डबे ठेवलेत.