उन्हाळ्यात पेरलेल्या लॉनसाठी रेन पाईप: वापरून झाल्यावरचं मत

उन्हाळ्यात बी पेरून लॉन करायचं असेल, तर पाण्यासाठी रेन पाईप, म्हणजे बारीक भोकांचा जमिनीवर अंथरायचा पाईप घ्या, असं मी ठामपणे सांगेन. आमच्या निफाडकडे कांदा, लसूण, मेथी, कोथिंबिरीला तो सर्रास वापरतात; लॉनसाठी मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. नर्सरीवाले मेक्सिकन लॉनचे तयार गालिचे घ्यायला लावतात. बीच हवं म्हटलं की "सकाळ-संध्याकाळ पाणी मारा" एवढंच सांगतात. एप्रिलच्या उन्हात तेवढ्याने भागत नाही.

मी ३२ मिलिमीटरचा घेतला. १०० मीटरचं बंडल कृषी सेवा केंद्रात दोन हजारांच्या आत मिळालं. लॉन सहा बाय नऊ मीटरचं, त्याला दोन ओळी पुरल्या. उरलेला पाईप मेथीच्या वाफ्यांना लावला. बी बर्म्युडाचं, अर्धा किलो. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. सासूबाई पुडा बघून म्हणाल्या, "अगं, जन्मभर खुरपं घेऊन हिच्यामागे लागलो आम्ही, आणि तू पैसे मोजून आणलीस?" पण ४० अंशांच्या उन्हात तग धरणारं आणि बियांवर येणारं दुसरं गवत नर्सरीत मिळालं नाही. सावलीत मात्र ती येत नाही. कडुनिंबाखाली आमच्याकडेही विरळच आहे, त्यात पाईपचा दोष नाही.

हे बी फार बारीक असतं, किलोत ४० लाखांच्या वर दाणे. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की उगवत नाही, म्हणून ते जवळजवळ वरच असतं. नळीच्या तोंडाशी अंगठा धरून पाणी मारलं की बी वाहून सखल कोपऱ्यात गोळा होतं. तिथे गवताचा पुंजका आणि बाकी टक्कल. रेन पाईपच्या भोकांतून पाणी बारीक तुषारांनी उडतं, दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर जातं, आणि वर पसरलेलं चाळलेलं शेणखत जागचं हलत नाही. माझ्या मते याच एका गुणासाठी तो घ्यावा.

पाणी किती पडतं ते एकदा मोजून घ्या. सरळ काठाचे चार-पाच डबे लॉनवर ठेवायचे, पाच मिनिटं पाणी चालू ठेवायचं आणि पट्टी बुडवून बघायची. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. माझ्याकडे दोन मिलिमीटर भरलं. बी उगवेपर्यंत तेवढंच, पण दिवसातून चार वेळा: सकाळी लवकर, अकराला, दोनला आणि साडेचारच्या सुमारास. वरचा एक सेंटिमीटर थर सुकू द्यायचा नाही. रात्री पाणी नको. माती रात्रभर ओली राहिली की कांद्याच्या रोपात येते तशी मर (कोवळी रोपं कुजून मरण्याचा रोग) इथेही येते. आठवड्याभराने हिरवी झाक दिसू लागते, पण सगळं एकदम उगवत नाही, धीर धरावा लागतो. दोन-तीन पानं आली की पाळ्या कमी आणि वेळ जास्त. महिन्याभरात दोन-तीन दिवसांआड भरपूर पाणी, म्हणजे मुळं खाली उतरतात. लांब स्क्रूड्रायव्हर वीतभर सहज घुसला तर पाणी पोचलं समजायचं.

आता तक्रारी. दुपारी पाईप तापून मऊ होतो, लांबतो आणि नागमोडी वळतो. मग भोकं एका अंगाला जातात, निम्मं पाणी भिंतीवर उडतं आणि पलीकडची पट्टी कोरडी राहते. जाड तारेचे यू आकाराचे हूक करून दर मीटरला ठोकल्यावर हा त्रास थांबला. खरं तर कंपनीनेच ते बंडलासोबत द्यायला हवेत. बोअरच्या क्षारांच्या पाण्याने भोकं बुजतात, म्हणून आधी जाळीचा फिल्टर हवाच, आणि आठवड्यातून एकदा टोकाची कॅप काढून पाईप धुवायचा. वारा सुटला की तुषार उडून जातात. आम्ही साडेचारची पाळी वारा पडेपर्यंत थांबवायचो.

दाबाचं आधी बघा. दहा मीटर उंचीवरच्या टाकीने एक किलो दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरून जेमतेम अर्धा, आणि तेवढ्यात पाणी पाईपच्या आसपासच पडतं. अर्ध्या एचपीची मोटर जोडल्यावर आमचं काम झालं. मोटर चालू करताना व्हॉल्व्ह हळू उघडा, नाहीतर पाईप जोडातून निसटतो.

शेजारी शेत असेल तर लॉनच्या कडेने वीतभर खोल फरशी उभी गाडून घ्या, कारण हरळी जमिनीखालून पसरते आणि एकदा कांद्यात शिरली की काढता काढता नाकी नऊ येतात. फिल्टर, टी (तीन तोंडांचा जोड), कॅप आणि दोन-चार जोड पाईपसोबतच आणा. बी पेरल्यावर दुपारी जोड निसटला, तर तो आणायला तालुक्याला जाऊन येईपर्यंत माती सुकून जाते.