करंट गेला की लोगो गायब

शहापूर, बेळगावातल्या कुंदा ही दुधाची मिठाई विकणाऱ्या एकाकडून लेबल प्रिंटर बसवणाऱ्याने पाच वेळा 'लोगो लोडिंग'चे पैसे नेले. दर वेळी तक्रार तीच: करंट गेला, प्रिंटर पुन्हा चालू केला, बारकोड येतोय पण लोगोची जागा कोरी.

झेडपीएल (झेब्राच्या लेबल प्रिंटरची भाषा) समजणाऱ्या प्रिंटरमध्ये चित्र दोन ठिकाणी ठेवता येतं. 'आर' ही तात्पुरती मेमरी, प्रिंटर बंद झाला की पुसली जाते. 'ई' ही फ्लॅश, तिथलं चित्र टिकतं. त्याने दर वेळी 'आर'मध्येच टाकलं. म्हणून पैसे देण्याआधी त्याच्यासमोर प्रिंटरची पिन काढा, मिनिटभराने लावा आणि लेबल काढून बघा. कॉम्प्युटरवरून ड्रायव्हरने (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) छापत असाल तर चित्र प्रत्येक लेबलासोबतच जातं, लोडिंगचा प्रश्नच येत नाही. कुंद्याचं नाव मराठीत आणि कन्नडात छापायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ही दुसरी थाप. प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमध्ये ही अक्षरं सहसा नसतात हे खरं, पण विंडोजचा ड्रायव्हर त्यांचं चित्र करून पाठवतो.

प्रिंटर ३०० डीपीआयचा (एका इंचात ३०० ठिपके) म्हणून २०३ चा गळ्यात मारला असेल, तर तेही पकडता येतं. १६० बाय १६० ठिपक्यांचा काळा चौकोन थेट प्रिंटरच्या भाषेत पाठवा आणि पट्टीने मोजा. २० मिमी भरला तर २०३, साधारण साडेतेरा भरला तर ३००.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र बारकोडसकट अख्खं लेबल जेपीजी करून दिल्याने होतं. २०३ डीपीआयवर एक ठिपका ०.१२५ मिमीचा. ईएएन-१३ची, म्हणजे दुकानातल्या मालावरच्या १३ आकडी बारकोडची, नेहमीची सर्वात बारीक रेघ ०.३३ मिमी, म्हणजे अडीच ठिपक्यांहून थोडी जास्त. अर्धा ठिपका छापता येत नाही, त्यामुळे ताणलेल्या चित्रात तीच रेघ कुठे दोन, कुठे तीन ठिपक्यांची होते आणि दुकानदाराचा स्कॅनर अडतो. बारकोड प्रिंटरच्या आज्ञेनेच काढायला लावा, रेघ तीन ठिपक्यांची. दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून तो ४२.४ मिमी होतो. ५० मिमीच्या लेबलावर शेजारी लोगो मावत नाही. तो वर घ्या, मोकळ्या जागेत घुसवू देऊ नका.

शाकाहारीचं चिन्ह हिरवंच लागतं. प्रिंटरच्या काळ्या शाईच्या रिबनने ते काळंच उमटणार, तेव्हा हिरवं चिन्ह आधीच छापलेला रोल मागवा.