‘डेसोलेट’ शोधताना: एका मोफत शब्दकोश अ‍ॅपची पारख

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या मोबाइलमध्ये हमखास आढळणारे एक मोफत इंग्रजी-मराठी शब्दकोश अ‍ॅप सध्या माझ्याही वापरात आहे. रेंज नसतानाही ते चालते, शब्द चटकन सापडतो आणि अक्षरे ठळक आहेत. मात्र शब्दकोशाची पारख सोप्या शब्दांवर होत नाही, म्हणून ‘डेसोलेट’ हा शब्द घेऊन पाहिला.

अ‍ॅपने ‘उजाड, ओसाड, निर्जन, उदास’ असे अर्थ स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडले. त्यांतला एकही चुकीचा नाही, पण कोणता कुठे वापरायचा याचा पत्ता नाही. परिणाम खालच्या उदाहरणातच दिसतो: पतीच्या निधनाने खचलेल्या स्त्रीविषयीच्या वाक्याचे भाषांतर ‘ती उजाड झाली’ असे दिले आहे. आपल्याकडे गाव उजाड होते, रान उजाड होते. माणूस एकाकी पडतो. या शब्दाच्या पोटात ‘एकटा’ या अर्थाचा लॅटिन ‘सोलस’ आहे, एवढी नोंद असती तरी जागा आणि माणूस या दोहोंना इंग्रजीत एकच विशेषण का चालते, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात आले असते.

समानार्थी शब्दांत ‘बॅरन’ आणि ‘ब्लीक’ही सरसकट दिले आहेत. बालाघाटावरचे खडकाळ माळरान नापीक, म्हणून ‘बॅरन’ खरे. पण तिथे मेंढरांचा वाडा बसलेला असेल, तर त्याला ‘डेसोलेट’ कसे म्हणावे? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीची वस्ती नव्या जागी गेली आणि मागे उरलेल्या जुन्या गावठाणाला मात्र हा शब्द नेमका लागू पडतो. अर्थात, आधी वस्ती असलीच पाहिजे अशी इंग्रजीची अट नाही. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी समोरच्या दृश्याला ‘मॅग्निफिसंट डेसोलेशन’ म्हटले होते. तिथे ‘ओस पडलेले’ म्हणता येत नाही, कारण ओस पडायला आधी कोणी राहून गेलेले असावे लागते. ‘भकास’ चालेल, आणि नेमका तोच शब्द या अ‍ॅपमध्ये नाही.

उच्चाराची सोयही अर्धवट आहे. विशेषण असताना ‘डेसलट’ आणि क्रियापद असताना ‘डेसलेट’ असा शेवट बदलतो, तरी स्पीकरच्या चिन्हावर दोन्हीकडे एकच ध्वनी वाजतो. शिवाय तळाची जाहिरात उदाहरणाची शेवटची ओळ झाकून टाकते, हा त्रास वेगळाच.

उतारा वाचताना अडलेल्या शब्दाचा ढोबळ अर्थ हवा असेल, तर हे अ‍ॅप जरूर ठेवावे. निबंध किंवा भाषांतर लिहिणाऱ्यांनी मात्र मेरियम-वेबस्टरचा मोफत ऑनलाइन कोश सोबत उघडावा. तिथे विशेषण आणि क्रियापद यांच्या नोंदी वेगळ्या आहेत आणि उच्चारही ऐकता येतात.